नव्वद वर्षांपूर्वीची तबकडी, तिच्यावरचा दावा आणि आपला कायदा

तंबोरा (मिरज)

आमचे आजोबा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कामाला होते. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतची सगळी कामे त्यांनी केली आणि मजुरीइतकाच त्यांना ऐकण्याचा नाद लागला. ते गेल्यावर घरात एक लाकडी पेटी राहिली, तिच्यात ७८ आरपीएमच्या साठ-पासष्ट तबकड्या निघाल्या. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्याही काही होत्या. दोन वर्षांपूर्वी मी त्या पुसून, सुईची खरखर जमेल तेवढी कमी करून, एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर चढवल्या. जाहिराती लावल्या नाहीत. महिन्याभरात चार तबकड्यांवर एका कंपनीचा ‘क्लेम’ (हक्काचा दावा) आला आणि गेल्या मार्चमध्ये दोन तबकड्यांवर थेट ‘स्ट्राईक’ (मजकूर उतरवून दिलेली ताकीद) पडला. आणखी एक पडला की चॅनेल बंद.

खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेली अगदी शेवटची तबकडी धरली तरी १९९७ सरताना तिच्यावरचा हक्क संपला. मी तारखांसह हरकत नोंदवली. ती हरकत निर्णयासाठी गेली कोणाकडे, तर ज्या कंपनीने दावा केला होता तिच्याकडेच. तिने ती फेटाळली आणि कारण कळवले नाही. चोरीचा आळ घेणारा आणि निवाडा करणारा एकच असेल, तर मी नेमके कोणासमोर उभे राहायचे?

माझे गाऱ्हाणे इथे संपले. धागा काढण्याचे कारण याहून मोठे आहे. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास काळा पडदा ओढून बसला होता, हे अनेकांना आठवत असेल. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ऑक्टोबर २०११ मध्ये आलेले ‘सोपा’ आणि सिनेटमध्ये त्याआधी मे महिन्यात आलेले ‘पिपा’ या कॉपीराइटच्या चोरीवरच्या दोन विधेयकांविरुद्ध तो निषेध होता. एखादे परदेशी संकेतस्थळ चोरीचे आहे असे ठरले, की शोधयंत्राने त्याचा दुवा काढायचा, जाहिरात कंपनीने जाहिराती थांबवायच्या, पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीने व्यवहार तोडायचे आणि जोडणी देणाऱ्या कंपनीने कोणी नाव टाकले तरी तिथवर पोहोचू द्यायचे नाही, अशी त्यांची रचना होती. ते काळे पान १६ कोटींहून अधिक लोकांनी पाहिले, गुगलच्या निवेदनावर ७० लाख सह्या झाल्या आणि दोनच दिवसांनी, २० जानेवारीला, दोन्ही विधेयके बासनात गेली.

आपल्याकडे मात्र याच विषयावर कायदे, नियम आणि न्यायालयांचे आदेश एकामागून एक येत राहिले, आणि एखाद्या पारावर त्याची चर्चा झाल्याचे मला तरी आठवत नाही. आपल्या भागातून खासदारांना आणि केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाला एक निवेदन पाठवावे असे मनात आहे. त्यात काय मागावे आणि काय मागू नये, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

अजिंक्यतारा (सातारा)

वकिली करतो, त्यामुळे आधी तुमच्या विरुद्ध जाणारे सांगतो, म्हणजे पुढे तुमच्या बाजूने बोलताना कोणी पक्षपाताचा आरोप करणार नाही. तुमचा हिशेब भारतापुरता बरोबर आहे. पण ज्या संकेतस्थळावर आपण तबकड्या चढवता ते अमेरिकेच्या कायद्याखाली चालते, आणि तिथे २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १९२३ ते १९४६ या काळात प्रकाशित झालेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांना प्रकाशनापासून १०० वर्षांचे संरक्षण मिळू शकते. १९३६ ची तबकडी या हिशेबाने तिथे २०३६ संपेपर्यंत अडकलेली असू शकते. हक्क त्या कंपनीचाच आहे का, हा वेगळा प्रश्न. तो तिने सिद्ध करावा. तुम्ही हरकतीत ‘हक्क संपलेला आहे’ असे मोघम लिहिले असेल, तर पुन्हा अर्ज करताना ‘भारतातील प्रेक्षकांपुरता दावा मागे घ्यावा’ असे लिहा. देशनिहाय अडवण्याची आणि मोकळे करण्याची सोय अशा संकेतस्थळांकडे असते.

आता तुमच्या बाजूचे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५२(१)(ग) आणि त्याखालच्या २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ यांनी एक पद्धत घालून दिली आहे. हक्कदाराने लेखी तक्रार करायची, संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर अडवायचा आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दाखवायचा. आदेश आला नाही तर संकेतस्थळ मजकूर पुन्हा खुला करू शकते. या पद्धतीत मोठी उणीव अशी की, ज्याचा मजकूर अडवला त्याला आपली बाजू मांडण्याची जागाच ठेवलेली नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात निदान प्रति-सूचना देता येते आणि तक्रारदार न्यायालयात गेला नाही तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत मजकूर परत येतो. तरीही २१ दिवसांची अट ही आपल्या नियमातली चांगली गोष्ट आहे, कारण आळ घेणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते.

गोम अशी आहे की तुमचे प्रकरण या नियमापर्यंत पोहोचलेच नाही. यंत्राने आवाजाची जुळणी केली, कंपनीने बटण दाबले, संकेतस्थळाने आपल्या करारातील अटींवर बोट ठेवले. कायदा, नियम, ३६ तास, २१ दिवस हे सगळे बाजूला राहिले आणि खासगी व्यवस्थेने खासगी निकाल दिला. अंमलबजावणी कडक करा असा दबाव वाढत गेला, की कंपन्या स्वतःच्या बचावासाठी अशी यंत्रे बसवतात, आणि मग कोणताही नवा कायदा न होता कायद्याहून कडक व्यवस्था उभी राहते. निवेदनात मागायचे असेल तर इथे मागा.

कंदी पेढा (सातारा)

म्हणजे खाँसाहेब मिरजेत मोकळे आणि न्यूयॉर्कमध्ये २०३६ पर्यंत नजरकैदेत. वकीलसाहेब, आपण हे इतक्या गंभीरपणे कसे लिहू शकता?

हळदपेठ (सांगली)

धागा वाचून थोडा वेळ गप्प बसलो होतो, पण आता लिहितो, कारण इथे सगळे एकाच बाजूने बोलू लागतील असे दिसते आहे.

माझे छोटे प्रकाशन आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके काढतो. गेल्या वर्षी एका शिक्षकांनी तीन वर्षे खपून लिहिलेले पुस्तक छापले. छपाईचे कर्ज माझ्या नावावर, कागद उधारीवर. पुस्तक बाजारात येऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच त्याची पीडीएफ एका निरोप-ॲपच्या गटावर फिरू लागली. पानांवर माझ्याच कार्यालयातील टेबलाची सावली असावी इतकी ती ताजी होती. तक्रार केली तर गट बंद झाला आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या नावाने उघडला. लेखकांना मानधनाचा दुसरा हप्ता देताना मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवले नाही.

तेव्हा ‘आंतरजाल मोकळे हवे’ या घोषणेचा माझ्या कानाला होणारा अर्थ थोडा निराळा आहे. अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्या श्रीमंत असतील, मी नाही. कडक कायदा श्रीमंतांच्या मागणीवरून आला म्हणून तो माझ्या कामाचा नाही, असे मला पटत नाही. तंबोरा यांच्या तबकड्यांबद्दल सहानुभूती आहे. पण निवेदनात अंमलबजावणी सैल करण्याची मागणी असेल तर माझी सही मिळणार नाही.

तंबोरा (मिरज)

हळदपेठ, तुमचा प्रतिसाद आला हे बरे झाले. अंमलबजावणी सैल करा असे मी कुठेही म्हटलेले नाही. निदान तसे म्हणायचा माझा हेतू नव्हता.

अजिंक्यतारा (सातारा)

हळदपेठ साहेब, तुमच्यासारख्याच अडचणीत सापडलेल्या दिल्लीतील एका शिक्षिकेने टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने चोरीचे साहित्य पसरवणाऱ्या वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. आमचे सर्व्हर परदेशात आहेत, ही सबब चालली नाही. पुढे ती माहिती न्यायालयाला मिळालीही. हे सगळे अस्तित्वात असलेल्या कायद्याच्या जोरावर झाले. शिवाय कलम ६२ प्रमाणे हक्कदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, म्हणजे तुम्हाला दिल्लीला जाण्याचीही गरज नाही, सांगलीत लावा.

शिक्षेबद्दल म्हणाल तर ती आजही हलकी नाही. कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सांगितले, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. चित्रपटांसाठी २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने आणखी स्वतंत्र शिक्षा आणली: चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण केले तर दंड ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली की ४८ तासांत चोरीच्या चित्रपटाचा दुवा अडवण्याची सोय झाली. चित्रपटासाठी ४८ तासांची खिडकी आहे. तुमच्या पुस्तकासाठी नाही. ती का नाही, याचा विचार तुम्ही जरूर करा, कारण लॉबी (दबावगट) म्हणजे काय याचे उत्तर त्यातच आहे.

लाईव्हवाला (तासगाव)

आमचा फोटो स्टुडिओ आहे. टाळेबंदीपासून लग्नाचे लाईव्ह करून द्यावे लागते, कारण पुण्या-मुंबईतले आणि परदेशातले नातेवाईक तशी मागणीच करतात. वैशाखात एका लग्नाचे लाईव्ह चालू होते. वरात मांडवाच्या दारात आली, बँडने चित्रपटातले गाणे वाजवायला घेतले आणि पुढच्या पाच मिनिटांत आवाज बंद. मंगलाष्टकेही मुक्यानेच गेली. वधूचे मामा दुबईत होते. त्यांनी मला फोनवर जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. वकीलसाहेब, वरातीत गाणे वाजवणे हा गुन्हा आहे का, एवढेच सांगा.

अजिंक्यतारा (सातारा)

नाही. कलम ५२(१)(यक) मध्ये धार्मिक विधीच्या ओघात केलेले संगीताचे सादरीकरण आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे यांना सूट आहे, आणि तिथल्याच स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ धार्मिक विधीत मोजावेत असे म्हटले आहे. लाईव्हला ती सूट किती लागू होते यावर वाद घालता येईल, मी घालीन. पण वाद घालायला समोर माणूस लागतो. यंत्राला वरात कळत नाही, त्याला फक्त चाल कळते. कायद्यातील अपवाद हे परिस्थितीवर अवलंबून असतात: कोण वाजवतो, कुठे, कशासाठी. ध्वनीच्या जुळणीत यातले काहीच उतरत नाही, म्हणून ज्या दिवशी जुळणीलाच अंमलबजावणी म्हटले जाते, त्या दिवशी कलम ५२ कागदावर राहते.

(तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगू नका.)

ग्रंथसेवक (सांगली)

मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा शहरातल्या पुस्तकांचे काय झाले ते सांगलीकरांना सांगायला नको. आमच्याकडे तळमजल्यावरची कपाटे चार दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर पुस्तके फुगून कपाटात इतकी घट्ट बसली होती की ती काढण्यासाठी कपाटे फोडावी लागली. काही अंक असे होते की ज्यांची दुसरी प्रत जिल्ह्यात असेल असे मला वाटत नाही.

आता गंमत पाहा. पुराच्या दोन वर्षे आधी आम्ही जुन्या पुस्तकांचे स्कॅनिंग करण्याचा ठराव आणला होता. एका सदस्यांनी ‘कॉपीराइटमध्ये तुरुंग आहे’ असे सांगितले आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा कधी झालीच नाही. पूर मात्र वेळेवर आला. नंतर मी स्वतः कायदा वाचला तेव्हा कळले की २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत आपल्याकडे असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची स्पष्ट मुभा दिलेली आहे. आणि भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत नक्कल ग्रंथालयाच्या वापरासाठी करण्याची मुभा तर आधीपासून होती. म्हणजे कायद्याने हात मोकळा ठेवला होता, आणि आम्ही तो भीतीने बांधून घेतला. आता मुभा आहे, पण त्यातल्या कित्येक प्रतींचा लगदा झाला.

म्हणून शिक्षा वाढवा, अजामीनपात्र करा, हे ऐकले की मला वाटते, ती भीती चोरापर्यंत कधी पोहोचत नाही. ती कार्यकारिणीच्या सभेत येऊन बसते.

आणखी एक. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह भारतात काही काळ बंद पडले होते. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवले होते, त्यांच्या याद्यांत मिळून २६०० हून अधिक संकेतस्थळे होती, आणि त्यांत जगातल्या जुन्या पुस्तकांचे हे भांडारही अडकले. जुनी मराठी पुस्तके शोधण्यासाठी आम्ही तिथेच जातो. यादी करणाऱ्याने ती वाचली होती की नाही, मला शंका आहे.

कृष्णाकाठ (वाई)

ग्रंथसेवक यांनी लिहिले तो प्रकार नवा नव्हता. २०१२ मध्ये दोन दाक्षिणात्य चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयातूनच अज्ञात व्यक्तींविरुद्ध आदेश मिळाला होता (आपल्याकडे अशा अज्ञात प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणतात, हे मला फार आवडते) आणि जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी व्हिमिओसारखी चित्रफितींची निरुपद्रवी संकेतस्थळेही सरसकट बंद केली होती. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. ९ जूनला मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत निषेध म्हणून मुखवटे घालून तरुण रस्त्यावर आले. पुण्यातल्या त्या जमावात मीही होतो. नंतर न्यायालयाने स्पष्ट केले की संपूर्ण संकेतस्थळ बंद न करता विशिष्ट दुवाच अडवायचा आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीही हाच आग्रह धरला. पण एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा मार्ग काढला की, मुख्यतः चोरीवरच चालणारे संकेतस्थळ पूर्णच अडवता येईल आणि त्याची नवी प्रतिरूपे उगवली तर नवा दावा न लावता यादीत भर घालता येईल. हळदपेठ यांना हा निकाल योग्य वाटेल, आणि मला तो सगळाच अयोग्य वाटतो असे नाही. यादीत चुकून गेलेल्याने बाहेर कसे यायचे, एवढे कोणी तरी लिहून ठेवायला हवे होते.

आता तंबोरा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. १८ जानेवारीची कथा आपण फार भाबडेपणाने सांगतो असे माझे मत आहे. त्या दिवशी जनता उभी राहिली हे खरे, पण तिच्या शेजारी मोठ्या तंत्रज्ञान कंपन्याही उभ्या होत्या आणि त्यांचा स्वार्थ होता. समोर चित्रपट कंपन्यांची संघटना होती, तिच्या प्रमुखपदी मार्च २०११ मध्ये कनेटिकटचे माजी सिनेटर क्रिस डॉड आले होते. विधेयके बारगळल्यावर त्यांनी दूरचित्रवाणीवर सुचवले की, हॉलिवूडच्या पाठिंब्यावर जे अवलंबून आहेत त्यांनी आमच्या गरजेच्या वेळी दुर्लक्ष केले तर पुढे धनादेशाची अपेक्षा ठेवू नये. एवढे उघड बोलल्यामुळे गदारोळ झाला. साखरेच्या राजकारणात मुरलेल्या आपल्या भागाला यात नवे काही वाटणार नाही. आपल्याकडे हेच वाक्य थोड्या आदबीने म्हटले जाते. लाभ मोजक्यांना आणि भरपूर होत असतो म्हणून ते संघटित असतात. तोटा सगळ्यांना थोडा थोडा होतो म्हणून कोणीच कामधंदा सोडून येत नाही. तंबोरांच्या दोन तबकड्या, तासगावची एक वरात, सांगलीचा एक ठराव. यांची बेरीज कोण करणार?

युरोपात दोनदा असा सामना झाला आणि दोन्ही वेळा निकाल वेगळा लागला, तो पाहण्यासारखा आहे. ‘अ‍ॅक्टा’ नावाचा, नकली माल आणि कॉपीराइटची चोरी यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार बरीच वर्षे बंद दाराआड शिजला. २६ जानेवारी २०१२ रोजी युरोपीय संघाने टोकियोत त्यावर सही केली, पोलंडमध्ये रस्ते भरले, तिथल्या काही खासदारांनी सभागृहातच मुखवटे धरले, आणि ४ जुलैला युरोपीय संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. सात वर्षांनी कॉपीराइट निर्देश आला. त्याच्या कलम १३ विरुद्ध (चोरीचा मजकूर संकेतस्थळांनीच रोखावा असे सांगणारे; अंतिम मसुद्यात ते १७ झाले) ५० लाखांहून अधिक सह्या झाल्या, जर्मनीत मोठे मोर्चे निघाले, तरी २६ मार्च २०१९ रोजी तो ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला. माझ्या समजुतीप्रमाणे फरक असा होता की, अ‍ॅक्टाच्या बाजूने उभे राहायला सामान्य माणसाला ओळखीचा चेहरा नव्हता, तर २०१९ मध्ये कितीतरी गायक, लेखक आणि पत्रकार स्वतःच निर्देशाच्या बाजूने बोलत होते. त्यांचे म्हणणे हळदपेठ यांच्यासारखेच होते. ज्या विरोधाला लेखक-प्रकाशकांना सोबत घेता आले नाही तो विरोध सह्यांचा डोंगर उभारूनही हरला. म्हणून हळदपेठ यांची सही मिळत नसेल तर निवेदन पाठवू नये, असे मी सुचवतो.

अजिंक्यतारा (सातारा)

कृष्णाकाठ यांच्या माहितीत एक भर. त्या कलम १७ ला पोलंडने युरोपीय न्यायालयात आव्हान दिले. २६ एप्रिल २०२२ च्या निकालात कलम टिकले, पण कायदेशीर आणि बेकायदेशीर मजकुरात पुरेसा भेद न करणारी गाळणी चालणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

आणि लॉबी फक्त परदेशी असते असे समजू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क टिकत असे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, तेव्हा ऐन वेळी वटहुकूम काढून आणि पुढे १९९२ मध्ये दुरुस्ती करून ती मुदत सर्वांसाठीच ६० वर्षे केली गेली. ते हक्क सांभाळणाऱ्या विश्वभारती या एका संस्थेच्या अडचणीसाठी साऱ्या देशाच्या पुस्तकांची मुदत दहा वर्षांनी वाढली. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. जुन्या हिशेबाने त्यांचे लेखन १ जानेवारी २०२७ पासून सर्वांचे झाले असते; आता १ जानेवारी २०३७ पर्यंत थांबायचे. उलट हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, त्यांची नाटके कोणत्याही गावच्या हौशी मंडळींनी कोणाला न विचारता करावीत.

परदेशी दबावही आहेच. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय कोणता देश बौद्धिक हक्क कितपत जपतो यावर दरवर्षी ‘स्पेशल ३०१’ नावाचा अहवाल काढते, तिथल्या उद्योगसंघटना त्यासाठी आपली गाऱ्हाणी सादर करतात, आणि भारत वर्षानुवर्षे त्यातल्या ‘प्राधान्य निगराणी’ यादीत असतो. त्या यादीतून सुटण्यासाठी काय करावे लागेल, हे तीच मंडळी सांगतात.

झेरॉक्सवाला (विश्रामबाग)

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला होता, तो २०१६ मध्ये दुकानदाराच्या बाजूने लागला आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती काढायला परवानगी लागत नाही, असे उच्च न्यायालयाने सांगितले. त्या निकालाची बातमी मी दुकानात चौकट करून लावली आहे. तरीही हळदपेठ साहेबांचे अख्खे पुस्तक कोणी घेऊन आले तर मी करून देत नाही. विश्वास ठेवावा.

हळदपेठ (सांगली)

विश्वास ठेवतो. तुमच्या दुकानाने मला कधी बुडवले नाही. मला बुडवणाऱ्याचे दुकानच नाही.

वकीलसाहेबांचा ४८ तासांचा मुद्दा मनात राहिला. आजवर मला वाटायचे की कडक कायदा म्हणजे माझा कायदा. प्रत्यक्षात खिडकी चित्रपटाला मिळाली, जुळणीचे यंत्र संगीत कंपन्यांना मिळाले आणि मला नवे गट शोधत रात्री जागायला मिळाल्या. दुसरे म्हणजे, गेल्या महिन्यात माझ्याच लेखकांनी पुस्तकावर दिलेल्या व्याख्यानाची चित्रफीत एका तिऱ्हाईताच्या दाव्यामुळे उतरवली गेली, कारण सुरुवातीला मिनिटभर तुतारी वाजत होती. तुतारी आमच्या शाळेच्या मुलांनी वाजवली होती. हे मी आधी लिहिले नाही, कारण माझ्या बाजूला ते सोयीचे नव्हते.

मसुदा दाखवा. वाचून सांगतो.

तंबोरा (मिरज)

मसुदा असा केला आहे. पहिली मागणी, नियम ७५ मध्ये ज्याचा मजकूर अडवला जातो त्याला लेखी कारण आणि उत्तर देण्याची संधी मिळावी, आणि भारतातील वापरकर्त्यांपुरता हाच नियम संकेतस्थळांच्या खासगी यंत्रणेलाही लागू करावा. दुसरी, दाव्यावरच्या हरकतीचा निर्णय दावेदाराने करू नये. कलम ६० प्रमाणे निराधार धमकीविरुद्ध आजही न्यायालयात जाता येते असे वकीलसाहेबांनी फोनवर सांगितले, पण दोन तबकड्यांसाठी कोण जाणार, म्हणून तिसरी मागणी, हेतुपुरस्सर खोटा दावा करणाऱ्याला दंड असावा. चौथी ग्रंथसेवक यांची आहे: जतनासाठीच्या मुभेची माहिती राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत प्रत्येक वाचनालयाला मराठीत पाठवावी. पाचवी हळदपेठ यांच्यासाठी: ४८ तासांची सोय छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांनाही मिळावी, मात्र पहिल्या मागणीतील संधीसह.

वकीलसाहेबांच्या सल्ल्याने केलेल्या नव्या अर्जाला उत्तर आले. एका तबकडीवरचा दावा भारतापुरता मागे घेतला गेला, दुसरीवरचा कायम आहे. दोन्ही एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या आहेत.

ग्रंथसेवक (सांगली)

चौथ्या मागणीत ‘पूरप्रवण जिल्ह्यांत प्राधान्याने’ एवढे घाला. पावसाळा दर वर्षी येतो.

हळदपेठ (सांगली)

पाचव्या मागणीबद्दल आभार. सही करतो, पण तिसऱ्या मागणीतला ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द काढा. यंत्राला हेतू नसतो, आणि यंत्र चालवणारा ‘आमचा हेतू नव्हता’ असे म्हणून दरवेळी सुटेल. त्याऐवजी ‘हक्काची खातरजमा न करता केलेला दावा’ असे लिहा. तो नियम मलाही लागू होईल, हे मला कळते. माझ्या पुस्तकांची कागदपत्रे माझ्याकडे आहेत.

अजिंक्यतारा (सातारा)

दुरुस्ती मान्य. ‘वाजवी खातरजमा’ करू या, म्हणजे ‘वाजवी’ या शब्दावर आम्हा वकिलांची पुढची दहा वर्षे निघतील.